अकरा मीटर

आमच्या हुडकेश्वरात 42 नंबरचा प्लॉट एकच नाही. माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत निदान चार सापडतील. प्रत्येक लेआउटने आपली मोजणी नव्याने एकपासून सुरू केली. त्यामुळे कुरिअरवाला फोनवर "मॅडम, मी 42 नंबरसमोरच उभा आहो" असं म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो फक्त दुसऱ्या सोसायटीच्या 42 नंबरसमोर उभा असतो.

नागपुरात ज्यांनी कधी प्लॉट घेतला त्यांना यात नवल वाटणार नाही. विक्रीपत्रात प्लॉट नंबर कधी एकटा येत नाही. आधी मौजा, मग पटवारी हलका नंबर, मग खसरा क्रमांक, मग लेआउट पाडणाऱ्या सोसायटीचं नाव, आणि तेव्हा कुठे प्लॉटचा आकडा. हुडकेश्वर 2013 मध्ये महापालिकेत आलं. त्याआधी इथे ग्रामपंचायत होती आणि शेतांचे लेआउट पडत होते. रस्त्यांना नावं फार नंतर मिळाली. 'मौजा हुडकेश्वर' या दोन शब्दांनी सुरू होणारी बाबांच्या कागदांतली ती लांबलचक ओळ मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. त्या ओळीचा एक जुळा भाऊ संगणकातही असतो. त्याची आणि माझी नीट ओळख मात्र नोकरीत, एका अपग्रेडच्या वेळी झाली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमची कंपनी लहान आहे आणि शहरातल्या कामांसाठी नकाशांचं सॉफ्टवेअर बनवते. पाइपलाइन, गटारं, नाले, प्लॉट असं सगळं आमच्याकडे एका डेटाबेसमध्ये असतं. डेटाबेसचं नाव पोस्टग्रेस. त्याला नाव, तारीख, रक्कम हे सगळं उत्तम कळतं. पण 'हे घर त्या नाल्यापासून किती लांब आहे' हा प्रश्न त्याला एकट्याला कळत नाही. ती समज देणारी एक जोडणी असते, तिला पोस्टजिस म्हणतात. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने ती 2001 मध्ये पहिल्यांदा बाहेर आणली. ती फुकट आहे, आणि जगभरातल्या असंख्य नकाशांच्या पोटात आज तीच बसलेली आहे.

आमचा सर्व्हर पोस्टग्रेसच्या 11व्या आवृत्तीवर होता आणि त्यात पोस्टजिस 2.5 होतं. या 11व्या आवृत्तीच्या दुरुस्त्या नोव्हेंबर 2023 मध्ये कायमच्या बंद झाल्या. म्हणजे यापुढे त्यात सुरक्षेचं भोक सापडलं तर बुजवायला कोणी येणार नव्हतं. म्हणून 14व्या आवृत्तीवर जायचं ठरलं, आणि सोबत पोस्टजिसची तिसरी पिढी. काम माझ्याकडे आलं. मी सर्व्हरची एक हुबेहूब प्रत काढली आणि पहिली तालीम तिच्यावर सुरू केली.

तालीम पाचव्या मिनिटाला थांबली. पडद्यावर एक ओळ आली: 'पोस्टजिस-2.5' नावाची फाइल सापडत नाही.

ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना ही ओळ ओळखीची असेल. डेटाबेसमध्ये अंतर मोजण्याचं, क्षेत्रफळ काढण्याचं फक्त नाव नोंदलेलं असतं. प्रत्यक्ष हिशोब करणारा कोड बाहेर, सर्व्हरवरच्या एका वेगळ्या फाइलमध्ये असतो. नोंदीत त्या फाइलचा पत्ता असतो. रेशन कार्डावर दुकानाचा नंबर असावा, तसं. आता नव्या सर्व्हरवर 2.5 चं दुकानच नव्हतं, आणि जुन्या नोंदी मात्र सगळ्या त्याच दुकानाकडे बोट दाखवत होत्या. पोस्टजिसच्या कर्त्यांनाही याचा त्रास कळला असावा, कारण तिसऱ्या पिढीपासून त्यांनी फाइलच्या नावातून पुढचा दशांश काढून टाकला. आता ती नुसती 'पोस्टजिस-3' असते. 3.0 वरून 3.4 वर गेलं तरी पत्ता बदलत नाही.

त्या रात्री पुण्याहून कॉलवर असलेले आमचे वरिष्ठ म्हणाले, "अगं, एक्स्टेन्शन ड्रॉप कर आणि परत क्रिएट कर. दोन मिनिटांचं काम आहे."

"सर, नुसतं ड्रॉप होत नाही. कॅस्केड मागतंय."

"मग दे कॅस्केड."

"रकाने जातील सर."

थोडा वेळ पलीकडून पंख्याचा आवाज तेवढा आला. मग ते म्हणाले, "हो की. नको."

कॅस्केड या शब्दाचा अर्थ, या जोडणीवर जे जे उभं आहे ते सगळं तिच्यासोबत काढून टाक. आकार साठवण्याचा प्रकारच मुळात पोस्टजिसने आणलेला असतो. त्यामुळे त्या प्रकारचा प्रत्येक रकाना सोबत पुसला जातो. तक्ते राहतात, मालकांची नावं राहतात, कराची रक्कम राहते. फक्त प्लॉट कुठे आहे आणि कसा आहे एवढंच जातं. हजारो प्लॉट आपल्या नावासकट जमिनीवरून उचलले जातात. हा सल्ला काही वाईट मनाने दिला जात नाही. बाकीच्या बऱ्याच जोडण्यांना तो चालतो, म्हणून सवयीने तोंडात येतो.

योग्य वाट थोडी लांबची आहे. आधी जुन्या सर्व्हरवरच, जुन्या फाइलच्या शेजारी, नवी पोस्टजिस बसवायची. मग जुन्या डेटाबेसला सांगायचं की तुझ्या सगळ्या नोंदी आता नव्या फाइलकडे वळव. यासाठी एक तयार फंक्शन आहे. ते एकदा चालवल्यावर ते स्वतःच सांगतं की मला पुन्हा एकदा चालव. कारण तिसऱ्या पिढीत उपग्रहचित्रांसारख्या चौकटींचा भाग, म्हणजे रास्टर, मूळ जोडणीतून वेगळा काढला. पहिल्या फेरीत तो सुटा होतो, दुसऱ्या फेरीत त्याची गाठ पक्की होते. आम्ही रास्टर वापरत नव्हतो, म्हणून सुटा झाल्यावर तो काढून टाकला. यानंतर पोस्टग्रेसचं स्थलांतर सरळ पार पडलं. आवृत्ती विचारणारं फंक्शन चालवलं, तर 'अपग्रेड बाकी आहे' हा शेरा कुठेही नव्हता.

एवढ्यावर हा लेख संपला असता तर तो लिहिण्याची गरज नव्हती.

ओरडणाऱ्या चुकीची मला भीती वाटत नाही. ती दार अडवून उभी राहते, आपलं नाव सांगते, आणि तिचं काम झाल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. तिच्यामुळे एक रात्र जाते. त्यापुढे ती काही नेत नाही. या अपग्रेडमध्ये दुसरीही एक चूक होती आणि ती ओरडली नाही.

मी तपासण्या केल्या. ओळींची संख्या तीच. प्लॉटांच्या क्षेत्रफळांची बेरीज तीच. मोडका आकार एकही नाही. नकाशा उघडला, तर रस्ते रस्त्यांसारखे, नाले नाल्यांसारखे. सगळं हिरवं. मग मी माझी नेहमीची शेवटची तपासणी केली. काही वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर उभं राहून मी जीपीएसने एक बिंदू टिपून ठेवला होता. कोणतंही काम संपलं की मी डेटाबेसला विचारते, हा बिंदू कोणत्या प्लॉटमध्ये येतो? नेहमी आमचा प्लॉट येतो. त्या दिवशी शेजारच्या काकांचा आला.

अंतर मोजलं. अकरा मीटर आणि वर काही सेंटिमीटर. आमचा प्लॉट तीस बाय पन्नासचा आहे, म्हणजे रस्त्याकडची बाजू सुमारे नऊ मीटर. अख्खा लेआउट एकमेकांचा हात धरून एकेक घर बाजूला सरकला होता. सगळेच सारखे सरकले, म्हणून क्षेत्रफळ बदललं नाही, आकार मोडला नाही आणि नकाशाही बिघडलेला दिसला नाही.

सकाळी चहा पिताना बाबांना सांगितलं. ते हसले. "म्हणजे तुया कॉम्प्युटरच्या हिशोबानं आपण आता काकांच्या घरात राहून राहिलो का?"

"हो. आणि काका त्यांच्या पुढच्यांच्या."

"आन् लेआउटच्या टोकाचा?"

"तो नाल्यात."

मग ते हसले नाहीत. लेआउटच्या टोकाला कोण राहतं ते त्यांना माहीत होतं, आणि आमचा तो डेटाबेस कोणत्या कामासाठी आहे हेही.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत एवढा पाऊस झाला की अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असतानाच पाणी शिरलं. हुडकेश्वर तिथून दूर, शहराच्या दक्षिणेला आहे. पण त्या पहाटेनंतर प्रवाहाच्या काठी कोणाचं घर आहे, हा प्रश्न सगळ्या शहराचा झाला. नाग, पिवळी, पोहरा या नद्या आणि त्यांना मिळणारे नाले यांच्यापासून ठरावीक अंतरात येणाऱ्या घरांची यादी काढणं हे आमच्या सॉफ्टवेअरचं एक मुख्य काम होतं. यादीत नाव आलं तर पावसाळ्यात सूचना जाते. बांधकामाचा अर्ज आला तर जास्तीची तपासणी होते. अकरा मीटरने यादी बदलते. ज्याच्या घरात खरोखर पाणी शिरू शकतं त्याचं नाव गळतं, आणि ज्याचा नाल्याशी संबंध नाही त्याचं काम अडतं. दोघांनाही कारण कधीच कळलं नसतं. कागद म्हटला असता, संगणकात असंच आहे.

शोध घ्यायला दोन दिवस लागले. पहिला संशय साठवलेल्या आकड्यांवर. ते जुन्या आणि नव्या सर्व्हरवर शेजारी ठेवून पाहिले. शेवटच्या अंकापर्यंत सारखे. मग दुसरा संशय शिक्क्यावर. पोस्टजिस प्रत्येक आकाराच्या बाइट्समध्येच एक क्रमांक ठेवतं, त्याला एसआरआयडी म्हणतात. मोबाइलच्या जीपीएसचे आकडे ज्या पद्धतीत येतात तिचा क्रमांक 4326. साठवलेला बिंदू कच्च्या रूपात पाहिला तर सुरुवातीलाच हा क्रमांक उलट्या क्रमाने लिहिलेला सापडतो. प्रत्येक बिंदू आपला मौजा आणि खसरा खिशात घेऊन फिरतो, असं म्हणा. आमचे लेआउट जुन्या कागदी नकाशांवरून उतरवलेले होते, त्यामुळे त्यांच्या खिशात 4326 नव्हता, जुन्या भारतीय पद्धतीचा क्रमांक होता. तोही दोन्हीकडे सारखाच निघाला.

आकडे तेच, शिक्का तोच, आणि तरी जागा वेगळी. मग राहिला तो एकच तक्ता, ज्यात कोणत्या शिक्क्याचा काय अर्थ हे लिहिलेलं असतं.

या क्रमांकांची मूळ यादी एका जुन्या युरोपीय गटाने जमवली. तेल कंपन्यांसाठी मोजणी करणाऱ्यांचा तो गट होता. समुद्रात विहीर खणायची तर दोन कंपन्यांचे नकाशे जुळायला हवेत, या गरजेतून ती यादी झाली आणि पुढे सगळ्या जगाची झाली. पोस्टजिसमध्ये तिची प्रत असते. प्रत्येक क्रमांकासमोर एक ओळ, आणि ओळीत हिशोबाची मूल्यं. पोस्टजिस 2.5 ती ओळ वाचायचं आणि त्याप्रमाणे रूपांतर करायचं. मात्र 2019 मध्ये प्रोज या हिशोबाच्या लायब्ररीची सहावी आवृत्ती आली. तिने या माहितीचा स्वतःचा वेगळा डेटाबेस सोबत ठेवला. तो जास्त अचूक आणि जास्त ताजा. म्हणून पोस्टजिसच्या तिसऱ्या पिढीने क्रम बदलला. आता ते आधी प्रोजला विचारतं, की या यादीतल्या या क्रमांकाचा अर्थ काय? प्रोजला उत्तर माहीत असेल तर आपल्या तक्त्यातली ओळ वाचलीच जात नाही.

आमच्या तक्त्यातल्या त्या ओळीत कोणीतरी बदल केला होता.

जुनी भारतीय पद्धत म्हणजे कल्याणपूर. मध्य प्रदेशात सिरोंजजवळ हे ठिकाण आहे, आणि भारताच्या जुन्या मोजणीचं मूळ तिथे धरलेलं आहे. त्या पद्धतीत पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला आहे तो जॉर्ज एव्हरेस्टने 1830 मध्ये काढलेला. हल्लीच्या जीपीएसच्या पृथ्वीशी तो जुळत नाही. त्यांची केंद्रंच वेगळी आहेत. कल्याणपूर 1975 या पद्धतीसाठी जगभर जी मूल्यं वापरतात ती 295, 736 आणि 257 मीटर. तीन दिशांना एवढं सरकवलं की जुनी पृथ्वी नव्या पृथ्वीवर बसते. ही दुरुस्ती केलीच नाही, तर नागपूरच्या आसपास जागा दीडशे मीटरहून अधिक चुकते. केली तरी ती सगळ्या देशासाठी काढलेली सरासरी आहे. एखाद्या गावात वीसेक मीटरचा फरक राहू शकतो.

आमच्या कंपनीत माझ्याआधी काम करून गेलेल्या कोणीतरी, मी तिथे रुजू होण्याच्या कितीतरी आधी, या तीन आकड्यांच्या जागी आपले तीन आकडे लिहिले होते. जुन्या फाइलींमध्ये त्याची मोजणीही सापडली. दक्षिण नागपुरातल्या तीन ठळक जागा निवडून, तिथे प्रत्यक्ष जीपीएस घेऊन उभं राहून, त्याने या भागापुरती बरोबर बसणारी मूल्यं काढली होती. काम चोख होतं. इतकी वर्षं आमचे लेआउट जमिनीवर बरोबर बसत होते ते त्याच्यामुळे. अपग्रेडनंतरही ती ओळ तिथेच होती, एक अक्षर बदललेलं नव्हतं. फक्त आता तिला कोणी विचारत नव्हतं. सॉफ्टवेअर जास्त शहाणं झालं, त्याने जगाची सरासरी स्वीकारली, आणि हुडकेश्वर अकरा मीटर सरकलं.

या शोधात एक गोष्ट अशी सापडली की ती कामाची नव्हती, तरी मी बराच वेळ तिच्यापाशी थांबले. कल्याणपूर, एव्हरेस्ट ही नावं ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणातली, ते 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू करणारा माणूस विल्यम लॅम्ब्टन. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट घेऊन तो वीस वर्षं मोजणी करत राहिला. जानेवारी 1823 मध्ये, नागपूरकडे येत असताना, हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. रेल्वेने चंद्रपूरला जाताना हिंगणघाट लागतं. मी त्या स्टेशनवरून किती वेळा गेले असेन. मोजणीचं काम पुढे एव्हरेस्टकडे गेलं आणि त्याने काढलेला पृथ्वीचा आकार दोनशे वर्षांनी माझ्या सर्व्हरच्या एका ओळीत बसला होता. देशाचे सरकारी नकाशेही 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणापर्यंत त्याच आकारावर चालत होते. आमचे लेआउट ज्या कागदांवरून उतरवले ते त्याच काळातले.

दुरुस्ती छोटी होती. यादीतल्या ओळीला हात लावायचा नाही. ती जगाची आहे, ती जगाच्याच अर्थाने राहू द्यायची. आपल्यासाठी नवा क्रमांक घ्यायचा. पोस्टजिसमध्ये अशा घरगुती क्रमांकांसाठी जागा राखलेली आहे. मी 990044 घेतला. त्यासमोर कोणत्याही यादीचं नाव लिहिलं नाही, म्हणजे प्रोजला विचारण्यासारखं काही उरत नाही आणि पोस्टजिसला आपलीच ओळ वाचावी लागते. मग सगळ्या लेआउटांचा शिक्का बदलून हा नवा लावला. इथे दोन फंक्शनांत गल्लत करून चालत नाही. एक शिक्का बदलतं, आकडे जसेच्या तसे ठेवतं. दुसरं आकडे बदलून घर नव्या पद्धतीत नेऊन ठेवतं. आपले आकडे बरोबरच होते, त्यांचं गोत्र तेवढं चुकीचं लागत होतं, म्हणून पहिलं फंक्शन. ते चालवलं आणि गच्चीचा बिंदू आमच्या प्लॉटमध्ये परत आला.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आलो का घरी?"

"आलो."

"आन् टोकाचा?"

"तोही आला. नाल्याच्या अलीकडे आहे."

मग त्यांनी विचारलं की हे आकडे बदलणाऱ्या त्या पहिल्या माणसाने कुठे लिहून का नाही ठेवलं. मी म्हटलं, लिहिलं होतं, पण जिथे लिहिलं तिथे कोणी वाचायला जात नाही. बाबा म्हणाले, "रजिस्ट्रीत लिहाव लागते ना मग." त्यांच्या दृष्टीने लिहिण्याची जागा ती एकच. मला ते पटलं. पोस्टग्रेसमध्ये कोणत्याही तक्त्याला, कोणत्याही रकान्याला टीप चिकटवता येते, आणि ती टीप डेटाबेससोबत प्रवास करते. सर्व्हर बदलला तरी ती येते, माणूस नोकरी सोडून गेला तरी ती राहते. लेआउटांच्या रकान्याला मी अशी टीप जोडली: कोणती पद्धत, कोणती तीन मूल्यं, कोणत्या तीन जागांवरून काढली, आणि यादीतला प्रमाण क्रमांक इथे का वापरू नये. विक्रीपत्रातल्या ओळीसारखी ती लांब झाली आहे.

दुसरं काम चाचणीचं. माझ्या घरचा बिंदू ही माझी खाजगी सवय होती. मी गेले की ती गेली. म्हणून प्रत्येक अपग्रेडनंतर आपोआप चालणारी एक चाचणी लिहिली. तिला सगळ्यांना माहीत असलेल्या जागा हव्या होत्या. त्यातली पहिली निवडायला वेळ लागला नाही: सिव्हिल लाइन्सजवळचा झीरो माइलचा स्तंभ. भारताचा मध्य म्हणून तिथे लोक फोटो काढतात, पण तो दगड मुळात त्याच त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या खुणांपैकी एक आहे. त्याच्यावर 1907 साल आहे आणि हैदराबादपासून छिंदवाड्यापर्यंतची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. एका रविवारी जाऊन मी तिथे जीपीएस धरला. शेजारी एक कुटुंब घोड्यांच्या पुतळ्यांसमोर फोटो काढत होतं. त्यांच्यातल्या एका मुलाने विचारलं, "ताई, काय मोजून राहिले?"

"हा दगड जागेवर आहे का ते."

त्याने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा कुठं जाईन?"

दगड कुठे जात नाही, हे त्याचं बरोबर होतं. चाचणीत आता पाच बिंदू आहेत आणि त्यांतला एकही एका मीटरहून जास्त हलला तर अपग्रेड तिथेच थांबतं, लाल अक्षरांत, मोठ्याने.